सोबत कोण?

विमानातून उतरून अकाइतीने जमिनीवर पाय ठेवला न ठेवला, तोच पहिला प्रश्न आला, "सोबत कोण?"

विचारणारा हातात कागद अडकवलेली पाटी घेऊन उभा होता. कानामागे पांढरं फूल, पायात दोन वेगवेगळ्या चपला. एनुआरोआ बेटाला वळसा घालणाऱ्या वार्षिक शर्यतीसाठी बाहेरून येणाऱ्यांची नोंद करायचं काम त्याच्याकडे होतं. नाव नूरोआ. एरवी तो बेटाच्या वीजघरात काम करायचा, आणि चर्चची घंटाही त्याच्याच हाती होती.

"कोणी नाही," अकाइती म्हणाली.

"म्हणजे मागच्या विमानाने येणारेत?"

"मागच्या, पुढच्या, कुठल्याच विमानाने कोणी येत नाहीये. मी एकटी आलेय. रकाना आहे ना? लिही त्यात, कोणी नाही."

त्याने लिहिलं नाही. पेन हवेतच धरून तो तिच्याकडे बघत राहिला... आणि मग चौकशी सुरू झाली. आईचं नाव काय, आईचं गाव कुठलं, आईचे वडील कोणाचे, वडिलांची आई कुठल्या बेटावरची. थेट तीन पिढ्या. मोठ्यांनी विचारलं की उत्तर द्यायचं, असं वळण होतं म्हणून अकाइती सांगत गेली, पण हा काही मोठा नव्हता. असेल तिच्यापेक्षा दोन वर्षांनी थोरला. सगळं ऐकून झाल्यावर त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला, तो स्वतःशीच हसला, आणि मग कुठे त्याने 'कोणी नाही' लिहिलं. त्या हसण्याने अकाइतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता तुम्हीच सांगा, बाई एकटी आली की लोकांच्या पोटात का दुखतं? त्याच विमानातून वेलिंग्टनचा एक टकला गृहस्थ उतरला होता. बायको, तीन मुलं घरी ठेवून आला होता. त्याला कोणी काही विचारलं? उलट त्याच्या गळ्यात हार घालून 'चार दिवस निवांत राहा' म्हणून सांगितलं.

अकाइतीच्या रागाला जुनं कारणही होतं. ऑकलंडच्या दक्षिण भागात ती बस चालवायची. वेळेची एवढी पक्की की लोक तिच्या बसवर घड्याळ लावत. दार लागायला आणि कोणी धापा टाकत 'थांबा, थांबा' करत यायला एकच गाठ पडली, तर वाईट वाटायचं तिला, पण दार लागायचं. अशी मुलगी, आणि घरचे मात्र तिच्या प्रत्येक शर्यतीला जत्रेसारखे जमायचे. आई, चार भाऊ, दोन मावश्या, खाण्याचे डबे आणि एक मोठा ढोल. गेल्या वर्षी ऑकलंडच्या मोठ्या शर्यतीत पस्तिसाव्या किलोमीटरला तिचा गुडघा जरा लचकला. आईने ते पाहिलं आणि ती रडायला लागली. झालं. भावांनी अकाइतीला उचललं आणि गाडीत घातलं. ती ओरडत होती, मी पोचेन, सोडा मला, पण ऐकतो कोण! आपण पोचलो असतो की नसतो, हा प्रश्न तेव्हापासून तिच्या छातीत अडकून बसला होता. ते एकदा कळायला हवं होतं. म्हणून ती बत्तीस किलोमीटर धावायला समुद्र ओलांडून एकटी आली होती, आणि म्हणूनच आई तिच्याशी बोलत नव्हती.

बेटावर हॉटेल नाही. धावणाऱ्यांना घरं वाटून दिली होती. अकाइती आली तुआइनेआजीकडे; अख्खं बेट तिला आजीच म्हणायचं. आजीने पहिल्या संध्याकाळी तीनदा विचारलं की आईला ठाऊक आहे का. दुसऱ्या दिवशी शेजारणींना बोलावून आणलं. शेजारणींनीही विचारलं. अकाइतीने दातओठ खाऊन टारोचा, म्हणजे अळूच्या कंदांचा, रस्सा संपवला.

पण कळस झाला तो शुक्रवारी, शर्यतीच्या आदल्या दिवशी. पहाटेच्या प्रार्थनेला ती आजीची उसनी टोपी घालून दुसऱ्या बाकावर बसली होती. प्रार्थना झाली, सूचना सुरू झाल्या. हा नूरोआ उठला, घसा खाकरला आणि सांगू लागला की आपल्याकडे एक मुलगी घरच्यांशिवाय आली आहे, रस्त्यावरच्या सगळ्या घरांनी तिला आपलीच समजावं. सगळं चर्च माना उंचावून तिच्याकडे बघायला लागलं. दोघीतिघींनी तर डोळे पुसले.

बाहेर आल्यावर तिने त्याला फणसाच्या झाडाखाली गाठलं. "कोणी सांगितलं होतं तुला?"

"कोणी नाही."

"मग? मी काय देवळाच्या पायरीवर सोडलेलं पोर आहे? घरची जत्रा चुकवायला मी विमानात बसले, आणि तू अख्खं बेट माझ्या गळ्यात बांधलंस!"

"मला वाटलं..." तो चपलेने वाळू उकरत म्हणाला, "तुला एकटं वाटेल."

"मला एकटं वाटायला हवंय! तेवढ्यासाठीच आलेय मी."

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. "रागात तुझ्या नाकाचा शेंडा लाल होतो," तो म्हणाला.

याला काय म्हणावं! ती तरातरा निघून गेली. मात्र घरी गेल्यावर तिने आजीच्या आरशात नाकाचा शेंडा बघितला, हेही सांगून टाकते.

शनिवारी साडेपाचला घंटा झाली आणि शर्यत सुटली. प्रवाळाच्या खडकातून जाणाऱ्या रस्त्यावर धारदार दगड, म्हणून तेवढ्या रस्त्यापुरतं प्रत्येकाबरोबर घरचं कोणीतरी सायकलवर हवं, असा शर्यतीचा नियम होता. अकाइतीबरोबर कोण येणार, ते तुम्ही ओळखलंच असेल. सुरुवातीची घंटा वाजवून झाली की दहाला शर्यत संपल्याची घंटा वाजवेपर्यंत नूरोआ मोकळाच होता. त्या घंटेनंतर पोचेल तो बाद.

"बोलायचं नाही," तिने बजावलं.

"बरं."

"गाणंही म्हणायचं नाही."

"बरं." आणि दहा मिनिटं तो खरंच गप्प राहिला. समुद्रावरून एक सर आली, दोघांना भिजवून पुढे गेली. ओल्या खडकाचा वास सुटला. तो मागून येत होता, चेन कुरकुरत होती, आणि पावलाचा आणि चेनचा ताल कधी जुळला ते तिला कळलंही नाही.

मग पहिलं घर आलं. घरातली सगळी बायकामाणसं रस्त्यावर उभी. हार तयार. गळ्यात पडलेला हार देणाऱ्यासमोर काढायचा नसतो, एवढं तिला आईने लहानपणीच शिकवलेलं. तिने मान वाकवली. नारळपाणी प्यावं लागलं. पुढच्या घरी दुसरा हार, आणि केळ्याचं गोड चिकट पोके. त्याच्या पुढच्या घरी आणखी दोन. ओल्या फुलांचे हार किती जड होतात, ते धावून बघितल्याशिवाय कळायचं नाही. वळण आलं, घर दिसेनासं झालं, की ती हार उतरवून नूरोआकडे देई आणि तो स्वतःच्या गळ्यात घाली. विसाव्या किलोमीटरला नूरोआचं नाक तेवढं बाहेर दिसत होतं.

"हसू येतंय का तुला?" त्याने फुलांतून विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि तोंड समुद्राकडे फिरवलं.

चोवीसनंतर गुडघा दुखू लागला. तिने पाय जपून टाकायला सुरुवात केली. आता हा म्हणणार, सायकलवर बस... ती वाटच बघत होती, उत्तरही तोंडात तयार होतं. पण तो पुढे होऊन रस्त्यातले दगड पायाने बाजूला सारू लागला. तयार ठेवलेलं उत्तर तिला गिळावं लागलं.

खडकाळ रस्ता संपला, तीन किलोमीटर उरले तेव्हा घड्याळात नऊ चाळीस झाले होते. तिने मनात हिशेब केला; जेमतेमच होतं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "घाई करू नकोस. घंटा माझ्याकडे आहे. मी पोचल्याशिवाय या बेटावर दहा वाजत नाहीत."

अकाइती जागच्या जागी थांबली.

"म्हणजे तू उशिरा वाजवणार?"

"दोनचार मिनिटांनी कोणाचं काय बिघडतंय?"

"माझं बिघडतंय!" तिचा आवाज फाटला. "गेल्या वर्षी त्यांनी मला उचलून गाडीत घातलं, आणि आता तू मला उचलून आत घालणार. फरक काय? मी पोचते की नाही, ते मला कळू दे ना रे. एकदा तरी कळू दे!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही तिला राग आला. "जा तू. आत्ता जा. आणि बरोबर दहाला वाजव. एक सेकंद पुढे नाही की मागे नाही."

"आणि तू... राहिलीस तर?"

"तर राहिले."

त्याला ते पटलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसतच होतं. मग त्याने सायकलवर टांग मारली आणि पंधरावीस हार घेऊन वळणापलीकडे गेला.

आणि ती धावली. काय धावली! पायाखाली फक्त रस्ता, बाजूला समुद्र, आणि सोबत कोणी नाही. गुडघा ठणकत होता, पण तो तिचा गुडघा होता आणि त्याचं काय करायचं ते ती ठरवत होती. वाटेतल्या घरांना तिने हात जोडले, थांबली नाही. लोकही समजले, बाजूला झाले.

शेवटचं घर चर्चच्या अलीकडे, चारशे पावलांवर. तिथे रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून एक म्हातारा बसला होता. एकटाच. मांडीवर एकच हार, पहाटेपासून धरून ठेवल्यामुळे जरा सुकलेला. त्याने काही हाक मारली नाही. तिला पाहून तो खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागला, एवढंच. ती दहा पावलं पुढे गेली. घड्याळ पाहिलं. आणि मागे आली.

म्हाताऱ्याचे हात कापत होते. हार आधी कानाला अडकला, मग केसांत. ती वाकून उभी राहिली, आणि त्याने नीट घालेपर्यंत हलली नाही. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. सोबत कोण, हे त्याने विचारलं नाही.

ती पुन्हा पळत सुटली. चर्चचं वळण घेतलं. समोर दोरी ताणलेली, दोन्ही बाजूंना गर्दी, आणि चौथऱ्यावर घंटेचा दोर धरून नूरोआ. तो तिच्याकडे बघत नव्हता. हातातल्या घड्याळाकडे बघत होता, मान खाली घालून, सगळं अंग आवळून. गर्दीतून लोक त्याला ओरडत होते, थांब रे, थांब, आलीच ती...

घंटा वाजली.

अकाइती दोरी ओलांडून गवतात कोसळली तेव्हा कोणाचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. सगळे नूरोआवर तुटून पडले होते. तुआइनेआजीने तर त्याला टोपीने बडवायला घेतलं. काळीज आहे की नारळाची करवंटी, घोटभर पाणी पिण्याएवढा वेळ थांबला असतास तर हात झडले असते का, परक्या घरची लेक, तिच्या आईला आता काय तोंड दाखवायचं. वेलिंग्टनचा टकलासुद्धा मान हलवत होता. नूरोआ सगळं ऐकून घेत होता. चेहरा पांढराफटक.

अकाइती उठली. लंगडत त्याच्यासमोर गेली. आजीने टोपी खाली घेतली.

"किती?" तिने विचारलं.

"बावीस सेकंद." त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं. "बावीस सेकंद उशीर."

"घंटा बरोबर दहाला?"

"बरोबर दहाला."

ती हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून. त्या हसण्यात रडूही होतं, पण ते तिचं तिला ठाऊक. गेल्या वर्षी पस्तिसाव्या किलोमीटरला बसलेली गाठ सुटली होती. ती पोचत होती! कोणी न उचलता, कोणी न ढकलता पोचत होती. आणि कमी पडलेले बावीस सेकंद कुठे गेले, तेही तिला नेमकं माहीत होतं. ते तिने स्वतःच्या मर्जीने खर्च केले होते, त्या खुर्चीपाशी.

तेवढ्यात आजीचा फोन वाजला. ऑकलंडहून अकाइतीची आई. बातमी आधीच पोचली होती. "कोण आहे तो मेला?" इतक्या दिवसांत आई पहिल्यांदा बोलत होती, आणि तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. "माझ्या पोरीसाठी अर्धं मिनिट थांबता आलं नाही त्याला?"

"आई," अकाइती म्हणाली, "तो माणूस चांगला आहे. तो एकटाच माझं ऐकतो."

पलीकडून आईने हलक्या आवाजात विचारलं, "...कोणाचा आहे?"

अकाइतीने फोन आजीच्या हातात दिला. सगळे हार घंटेच्या खांबाला लटकत होते, पण तिने ते घेतले नाहीत. गळ्यातला म्हाताऱ्याने घातलेला सुकलेला हार काढला आणि नूरोआच्या गळ्यात घातला. त्याचे कान लालबुंद झाले.

"त्या दिवशी विमानाजवळ," ती म्हणाली, "माझ्या तीन पिढ्या कशाला विचारल्यास? कागदावर तर एवढं लिहायचं नव्हतं."

तो हाराशी चाळा करत राहिला. "आपण भाऊबहीण लागतो का... ते बघत होतो."

"आणि?"

"लागत नाही. कुठूनच लागत नाही."

"म्हणून हसलास?"

"म्हणून हसलो."

आता मात्र तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला, आणि तो रागाने नव्हता. त्याने पाटी काढली, पेन काढलं. "या रकान्यात... 'कोणी नाही' लिहिलंय. बदलू का?"

"खबरदार," अकाइती म्हणाली. "ही शर्यत मी एकटीने धावले. ते तसंच राहील."

त्याचा चेहरा पडला. तिने तो पुरता पडू दिला, अगदी मनसोक्त. मग त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"पुढच्या वर्षीचा कागद आण," ती म्हणाली.