पंचवीस वर्षांच्या पेशी

"जुळणी निम्मी यायला हवी होती," डॉ. फरीदा मुजावर पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "आली आहे पाव."

मिरजेच्या त्या बीजांडनिर्मिती प्रयोगशाळेत निलांबरी आणि श्रीरंग त्यांच्यासमोर बसले होते. निलांबरी एकोणपन्नास वर्षांची. हे तिचं दुसरं लग्न, त्याला दोन वर्षं झाली होती. आणि मूल हवं, हे दोघांनी भीत भीतच ठरवलं होतं. तिची बीजांडं केव्हाच संपली होती, पण आता त्यांच्यावाचून अडत नव्हतं. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी काढायच्या, वयमापकाने त्यांतल्या सर्वांत तरुण निवडायच्या आणि त्यांच्यापासून नवी बीजांडं घडवायची. तिच्या मज्जेत जेमतेम पंचवीस वर्षं वयाच्या पेशींचा एक लहानसा पुंजका सापडला, तेव्हा सगळी प्रयोगशाळा हरखली होती. त्यांतून एकच गर्भ टिकला. उद्या त्याचं रोपण होतं, आणि आज त्याच्या जनुकांच्या तपासणीचा अहवाल आला होता.

"म्हणजे नमुने बदलले?" श्रीरंगचा आवाज चढला.

"परक्या बाईचं बीजांड असतं, तर ताईंशी काहीच जुळलं नसतं. तुमची जुळणी बरोबर निम्मी आहे. ताईंची पाव, म्हणजे मध्ये एक पिढी आहे." डॉक्टरांनी आता पडद्यावरची नजर निलांबरीकडे वळवली. "गरोदरपणात बाळाच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात, तिच्या मज्जेत घर करतात आणि वर्षानुवर्षं जगतात. आम्ही पेशींचं वय पाहिलं, त्या कुणाच्या हे पाहिलं नाही. चूक आमची. ताई, पंचवीस वर्षांपूर्वी तुम्ही..."

"पाचव्या महिन्यात गेलं," निलांबरी म्हणाली.

श्रीरंगने वळून तिच्याकडे पाहिलं. पहिल्या संसाराबद्दल तिने त्याला सगळं सांगितलं होतं, हे सोडून.

"दोन वर्षांत एकदाही बोलली नाहीस."

"काय बोलणार? ना तोंड पाहिलं, ना नाव ठेवलं."

श्रीरंगने डॉक्टरांना विचारलं, "दुसरा गर्भ होईल?"

"ताईंच्या स्वतःच्या पेशींतून प्रयत्न करता येईल. पण त्या एकोणपन्नास वर्षांच्या आहेत. शंभरात दोघी-तिघींना यश येतं. हा गर्भ मात्र निरोगी आहे. मूल तुमचं असेल, ताईंच्या पोटी जन्मेल; पण रक्ताच्या नात्याने त्या त्याच्या आजी असतील."

"माझं काहीच बदलत नाही," श्रीरंग हळू आवाजात म्हणाला. "बदलतं ते तुझं. तू म्हणशील तसं."

निलांबरी डॉक्टरांकडे वळली.

"मी तेव्हा शुद्धीत नव्हते. सासरच्यांनी सगळं परस्पर उरकलं. मुलगा होता की मुलगी, कुणी सांगितलं नाही, आणि विचारायचा मलाही धीर झाला नाही. तुम्हाला सांगता येईल?"

डॉ. मुजावरांना अहवाल पाहावा लागला नाही. "आमच्या पद्धतीने मुलाच्या पेशींतून बीजांड घडत नाही, ताई. मुलगीच होती."

निलांबरीने डोळे मिटले. इतकी वर्षं ती मनात 'ते बाळ' म्हणत आली होती.

"ती," तिने एकदा म्हणून पाहिलं. मग डोळे पुसून विचारलं, "उद्या किती वाजता यायचं?"