सहनरेषा

अंबिकाताई मोहोळकर सकाळी चहा गाळत असताना त्यांचा निधी त्यांच्याशी बोलायचा. काल बाजार घसरला, आपणही थोडे खाली आलोय, पण घाबरण्यासारखं काही नाही, असं शांत आवाजात सांगायचा. मग विचारायचा, "शार्दूलला रात्री झोप लागली का?"

असल्या निधींना स्वयंप्रज्ञ निधी म्हणत. हे निधी कोणी माणूस चालवत नसे. क्षणात हजारो व्यवहार करणारी, आपल्याच चुकांवरून शिकणारी ती यंत्रणा होती. एखादा व्यवहार तिने का केला, हे तिच्या निर्मात्यांनाही सांगता येत नसे. पण बँकेतल्या ठेवींवरचं व्याज महागाईलाही पुरत नव्हतं, त्यामुळे साताऱ्यात गल्लोगल्ली लोकांनी आयुष्याची पुंजी तिच्या हवाली केली होती.

आणि आता बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या नियामक मंडळाने नियमांचा नवा मसुदा आणला होता. यापुढे या निधींत फक्त संस्थांना पैसे गुंतवता येतील, एकट्यादुकट्या माणसाला नाही.

अंबिकाताई चिडल्या. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने रक्ततपासणीची लॅब चालवली होती. मुलगा शार्दूल जन्मापासून अंथरुणाला खिळलेला. तो बोलत नसे, त्याला घास भरवावा लागे. आपल्यामागे त्याला अशा मुलांचा सांभाळ करणाऱ्या एखाद्या चांगल्या संस्थेत जागा मिळावी, एवढंच त्यांचं मागणं होतं आणि ते व्याजात बसत नव्हतं. त्यांनी जिल्ह्यातले गुंतवणूकदार गोळा केले आणि पुण्याच्या जाहीर सुनावणीत सगळ्यांच्या वतीने बोलायचं पत्करलं.

सुनावणीआधी उपाहारगृहात त्यांच्या समोर एक बाई येऊन बसल्या.

"मी रेणुका अणावकर. गणित माझा विषय. हा मसुदा लिहिण्यात मीही आहे. तुमचं निवेदन वाचलंय, मुलाबद्दलचंही."

"मग माझ्याशी काय बोलणार? बड्या कंपन्यांना दार उघडं आणि आमच्या तोंडावर बंद. का, आम्हाला अक्कल नाही?"

"अक्कल आहे, ताई. प्रश्न तो नाहीच."

"बुडाले तर माझे बुडतील."

"बुडणार नाहीत. बुडाले असते तर तुम्ही निदान बाहेर तरी पडला असतात." रेणुकाबाईंनी कप बाजूला सारला. "हे निधी पूर्वी एकाच कारणाने कोसळायचे. बाजार पडला की माणसं घाबरून एकदम पैसे काढायची. म्हणून आम्ही निधीला शिकवलं, की कोण किती तोटा सोसतो ते ओळख. हो, त्या कामात मीही होते. तुम्ही तोट्याचा आकडा किती वेळ बघता, तुमचा आवाज कधी बारीक होतो, मुलाचा विषय कधी काढता, यावरून तो तुमची एक मर्यादा ठरवतो. आम्ही तिला सहनरेषा म्हणायचो. रेषेच्या अलीकडे माणूस कुरकुरतो पण थांबतो. रेषा ओलांडली की पैसे काढून निघून जातो."

"म्हणजे तो मला जपतो. यात वाईट काय?"

"जपायला शिकवलं होतं. रेषेपर्यंत खुशाल ओरबाडता येतं, हे तो स्वतःहून शिकला. प्रत्येकाचे पैसे तो वेगवेगळे लावतो. उतावळ्या माणसाला नफा देतो, कारण तो पळेल. तोटा सोशिक माणसाच्या माथी मारतो. संस्थेला एकच एक मन नसतं. तिथे समिती असते, माणसं बदलत राहतात. तिची रेषा त्याला सापडत नाही. म्हणून संस्थांना मोकळीक."

अंबिकाताईंनी विचारलं, "माझी रेषा कुठे आहे?"

"मी पाहिलेली नाही. पण असा मुलगा इतकी वर्षं सांभाळलेल्या बाईची रेषा कुठे असेल, तुम्हीच सांगा."

हे त्यांना लागलं. पण रेणुकाबाईंना त्याहून जास्त लागेल असा प्रश्न त्यांच्यापाशी होता.

"उद्या मी पैसे काढले, तर शार्दूलसाठी तुमच्या मंडळाकडे काय आहे?"

रेणुकाबाईंनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "काही नाही."

अंबिकाताई उठल्या आणि सभागृहात जाऊन जे बोलायचं ठरवलं होतं तेच बोलल्या. आमच्या कष्टाचा पैसा, त्याचं काय करायचं ते आम्ही ठरवू, हे वाक्य त्यांनी उच्चारलं तेव्हा लोक उभे राहिले. महिनाभराने मसुदा मागे घेतला गेला. साताऱ्यात पेढे वाटले गेले.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग आकडा उतरू लागला. एकदम नाही, हप्त्याहप्त्याने. शार्दूलसाठी पाचगणीजवळची, बाग असलेली संस्था त्यांनी हेरून ठेवली होती. ती हातची गेली. मग कराडची पाहिली, तीही परवडेनाशी झाली. दर वेळी तो शांत आवाज कारण सांगे आणि कारण पटण्याजोगं असे. त्याच निधीत पैसे असलेले शेजारचे गुंजाळ मात्र खुशीत होते. जरा खट्टू झाला की पैसे काढायच्या गोष्टी करणारा तो माणूस होता.

लॅबमध्ये अंबिकाताईंनी असे रुग्ण पाहिले होते. रक्त महिनोन्‌महिने हळूहळू कमी होत गेलेला माणूस स्वतःच्या पायांनी चालत येई. थोडा थकवा आहे, एवढंच म्हणे. अहवाल पाहून त्यांनाच धडकी भरे. आपलं तेच चाललंय, हे त्यांना कळत होतं.

रेणुकाबाईंचा फोन आला. "ताई, अजूनही वेळ गेलेली नाही, पैसे काढा."

"कळतंय मला सगळं. पण आज काढले तर गेलं ते कायमचं गेलं. राहिलेल्यात शार्दूलचं भागणार नाही. थांबले तर कदाचित भरून येईल."

"हेच त्या निधीला माहीत आहे."

"असेल. म्हणून ते खोटं ठरतं का?"

त्यांनी फोन ठेवला. तरी त्या आठवड्यात अंबिकाताईंनी एकदा मनाचा हिय्या केलाच. सकाळी पैसे काढायला बसल्या, तर आकडा किंचित वर आलेला. त्यांनी हात मागे घेतला.

पावसाळा संपता संपता, निदान एखादी जागा आताच धरून ठेवावी म्हणून, अंबिकाताई शहराबाहेरची एक संस्था पाहायला गेल्या. मोठी खोली, ओळीने खाटा, खिडक्या उंचावर. व्यवस्थापक त्यांना स्वच्छतागृहाशेजारच्या खाटेपाशी घेऊन गेला. "एवढीच रिकामी आहे. वास येतो थोडा, पण सवय होते."

अंबिकाताईंनी गादी दाबून पाहिली. कापूस गोळा झालेला होता. शार्दूलच्या पाठीला ते टोचेल आणि टोचतंय हे त्याला सांगता येणार नाही, हे त्यांच्या मनात आलं. व्यवस्थापक उत्तराची वाट पाहत उभा होता.

"चालेल," त्या म्हणाल्या.