अंगठ्याभोवतीचं पाणी

जवळच्याच मालेगावहून वाशीमला येणाऱ्या बसमध्ये माझी पिशवी आतल्या पुड्यांसकट फाटली आणि तीन शेतकऱ्यांचं सोयाबीन एकमेकांत मिसळून सीटखाली पसरलं.

एप्रिल संपत आला होता. खिडकीतून येणारा वारा गालाला चटका देत होता. मी नुसती बघत राहिले. पलीकडच्या सीटवरचा माणूस मात्र लगेच गुडघ्यांवर बसला आणि लोकांच्या चपलांमधून एकेक दाणा वेचू लागला.

“राहू द्या,” मी म्हटलं. “तीन लॉट मिसळले. तो आता नमुना नाही, नुसतं सोयाबीन आहे.”

“सोयाबीन तं आहे ना?” त्यानं वर न बघताच विचारलं. “पायाखाली येऊन राह्यलं. मले नाई पाहावत.”

त्यानं ओंजळ पुढे केली. मी मान हलवली. त्यानं दाणे आपल्या शर्टाच्या खिशात टाकले आणि खिशावर हात ठेवून म्हणाला, “तुमच्याकडे नाई चालत, तं माह्याकडे चालते. आता तुमाले काय लागते?”

“काय लागणार? परत मालेगावला जाऊन नवा नमुना...”

माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्यानं कंडक्टरला सांगून बस थांबवली होती. मी उतरले. का उतरले, कोण जाणे. बस निघून गेली आणि मी भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभी — या माणसाचे आभार मानायचे राहिले की त्याला रागवायचं राहिलं, हे ठरवत. वाशीमला पोचून दुसऱ्या दिवशी जाता आलं असतं. त्यानं विचारलं होतं, पण उत्तर ऐकलं नव्हतं.

तरी परतीच्या बसमध्ये मला आठवत राहिलं ते त्याचं खिशावर हात ठेवणं.

वाशीमबाहेर आमच्या शेतकरी कंपनीचं बियाणं केंद्र आहे. तिथल्या छोट्या प्रयोगशाळेत मी बियाण्यांची उगवण तपासते. सोमवारी नवे इन्चार्ज यायचे होते. आले. तोच होता.

“हरीओम,” त्यानं नाव सांगितलं. “सर नका म्हनू कोनी.”

सगळे त्याला हरीओमभाऊ म्हणू लागले. मी मुद्दाम ‘सर’ म्हणत राहिले.

रोज सकाळी आठला तो शेडमधून फिरायचा आणि एकेकाला एकच प्रश्न विचारायचा, “आज तुमाले काय लागते?” पहिल्या दिवशी लोक हसले. दाणे निवडणाऱ्या बायकांच्या पुढारी ललिताबाई पदर खोचून म्हणाल्या, “लेकराइले निजवाले सावलीची जागा द्या. देता काय?” दुपारपर्यंत मागची खोली रिकामी झाली होती आणि तिथली धूळ तो स्वतः झाडत होता. चाळणी मशीनवरच्या मदनसिंगला कानात घालायला बोळे मिळाले. मशीन बंद पडलं तर त्याच्या हाताखाली पाने-पेचकस धरून बसायलाही इन्चार्ज हजर.

शेवटी तो माझ्या दारात यायचा.

“आज तुमाले काय लागते, पौर्णिमाबाई?”

“काही नको, सर.”

“काहीच नाई?”

“काहीच नाही.”

मग तो माझ्या धुवायच्या काचेच्या ताटल्या धुऊन जायचा. मी न सांगता. मी त्या पुन्हा धुवायची. पण लगेच नाही... थोड्या वेळानं.

“त्याईले काही तं सांग माय,” ललिताबाई एकदा डबा खाताना म्हणाल्या. “तुह्या दारापाशी दोन मिनिटं जास्त उभे रायते. आमच्यापाशी नाई रायत.”

“तुम्ही घड्याळ लावून बसता काय?”

“मी नाई. तूच बसतं घड्याळ लावून.”

मी डबा बंद केला. उगवणीच्या कपाटाचं तापमान दिवसातून दोनदा बघायचं असतं. मी आता आठ-दहादा बघत होते. तापमान पंचवीसच असायचं. पण कपाटाच्या काचेत अंगण दिसायचं, आणि अंगणात तो दिसायचा — कधी पोतं उचलताना, कधी कोणाची सायकल हवा भरून आणताना. दिसला नाही की मी पुन्हा तापमान बघायची.

मेच्या मध्यावर गोजराबाईंचा लॉट चाचणीला आला. बसमध्ये सांडलेल्या तीन नमुन्यांतला एक त्यांचा होता. त्या पहिल्यांदाच बियाण्याचं सोयाबीन पिकवत होत्या. शंभरातले सत्तर दाणे उगवले तर पोत्यावर त्यांच्या नावाची चिठ्ठी लागणार. एकोणसत्तर आले तर सगळा माल तेल गाळायला जाणार. त्या मला म्हणाल्या होत्या, “चिठ्ठी लागली तं एक मले दे बाई. घरात लावतो.”

चारशे दाणे मी ओल्या कागदाच्या गुंडाळ्यांत मांडले. सोमवारी मांडले, पुढच्या सोमवारी मोजायचे.

त्या सोमवारी कपाट उघडलं आणि पहिली गुंडाळी उचलली, तर तिच्या टोकातून पाणी गळालं. मी ती उलगडली. मुळं तपकिरी, बुळबुळीत. सगळ्या गुंडाळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. शंभराला बावन्न.

“शनवारी तुमी घरी गेल्या अन् लाइट गेली,” मदनसिंग दारातून म्हणाला. “भाऊ आले होते. म्हने, पौर्णिमाबाईचे दाने सुकतीन. सगळ्याइले पानी देल्लं त्याईनं.”

हरीओम मागेच उभा होता. चेहऱ्यावर अजून मदत केल्याचं समाधान होतं.

इतके दिवस सांभाळलेली माझी पुस्तकी भाषा एकदम गळून पडली. “तुमाले कोनं सांगतलं होतं?”

“ऊन लय होतं... मले वाटलं...”

“इकडे या.”

मी कोरा कागद ओला केला, टेबलावर पसरला, त्याचं मनगट धरलं आणि त्याचा अंगठा कागदावर दाबला. “पाहा. अंगठ्याभोवती पाणी दिसते काय?”

“नाई.”

“एवढंच पाह्यजे. अंगठ्याभोवती पाणी दिसलं तं दाण्याचा जीव गुदमरते. तो तहानेनं नाही मरत, जास्त पाण्यानं मरते.” मी श्वास घेतला. “तुम्ही रोज विचारता, काय लागते. मग उत्तर यायच्या आधीच हात घालता. बसमध्येही तेच केलं तुम्ही.”

त्याचं मनगट अजून माझ्या हातात होतं, हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. मी सोडलं. कागदावर अंगठ्याचा ठसा तसाच राहिला.

दुपारी कंपनीचे अध्यक्ष मारोतराव आले. पेरणीच्या आधी आणखी एकच चाचणी बसत होती. अहवालात मी ‘पाणी जास्त झाल्याने चाचणी रद्द’ एवढंच लिहिलं होतं; कोणी दिलं ते लिहिलं नव्हतं. लिहायला हवं होतं, हे मला कळत होतं. पेन मात्र दोनदा उचलून खाली ठेवलं होतं.

“पानी कोनं देल्लं?” मारोतरावांनी विचारलं.

“मी,” हरीओम म्हणाला. “बाईची काही चूक नाई. अन् एक मागतो, अध्यक्षसाहेब. लॅब माह्या हाताखाली नको. पौर्णिमाबाईनं थेट तुमाले सांगावं. इन्चार्जचा हात तिथं पोचलाच नाई पाह्यजे.”

मारोतरावांनी अहवाल मिटला. “आपला अधिकार कमी कराले सांगनारा पयलाच भेटला,” ते म्हणाले. “करू तसं.”

मागणी योग्य होती. मीही तीच केली असती. पण आता सकाळी आठला माझ्या दारात यायचं त्याला काही कारणच उरलं नव्हतं.

आणि तो आला नाही.

दुसऱ्या चाचणीचे ते दिवस मला संपता संपेनात. शेडमधून आवाज यायचा — “ललिताबाई, आज तुमाले काय लागते?” — मग मदनसिंगचा नंबर, मग वजनकाट्यावरच्या माणसाचा... आणि मग शांतता. माझ्या दाराच्या अलीकडूनच त्याची पावलं वळायची. मी ताटल्या धुवायची, एकदाच. तापमान बघायची. पंचवीस. पुन्हा बघायची. पंचवीस. काचेत अंगण दिसायचं, पण आता बघवत नव्हतं, आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

“भांडले काय दोघं?” ललिताबाईंनी विचारलं.

“नाही. आता ते माझे इन्चार्ज नाहीत.”

“मग तं तोंड काहून असं उतरलं?”

जूनच्या पहिल्या सोमवारी मी गुंडाळ्या उलगडल्या. पांढरी, ताठ मुळं. चारशेतली तीनशे छत्तीस रोपं. शंभराला चौऱ्याऐंशी. बाहेर झाडाखाली गोजराबाई सकाळपासून बसून होत्या. मी आकडा सांगितला, तेव्हा त्या माझा हात दोन्ही हातांत धरून बसून राहिल्या. चिठ्ठी छापून आली की पहिली त्यांची, असं मी कबूल केलं.

परत आले तर दाराच्या बाहेर हरीओम उभा होता. हातात पत्र्याचा डबा, डब्यात वीतभर उंचीची सोयाबीनची रोपं.

“आत येऊ काय?” त्यानं विचारलं. आणि या वेळी खरंच थांबला.

“या.”

“बसमधले हायेत हे. त्रेचाळीस दाने होते, एक्केचाळीस उगवले. रोज पानी देत गेलो, हे वाढत गेले. मले वाटलं, तुमचेही तसेच...” त्यानं डबा टेबलावर ठेवला.

“पंच्याण्णव टक्के,” मी म्हटलं. “पण तो नमुना नाही.”

“माहीत आहे. नुसतं सोयाबीन आहे.”

दोघंही हसलो. मग तो गंभीर झाला.

“एक विचाराचं होतं. लय दिवसाचं. पन मी तुमचा इन्चार्ज होतो. माह्या हाताखाली राहून तुमाले मोकळेपनानं नाई म्हनता आलं असतं काय? म्हनून गप होतो. आता नाई म्हटलं तरी तुमच्या कामाचं काही बिघडत नाई.”

मला माझ्याच कानांत ठोके ऐकू येत होते. मी मोजायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

“म्हणून लॅब सोडली?”

“दान्यासाठी सोडली. ते खरं.” तो खाली बघत होता. “अन्... यासाठी बी.”

“मग विचारा.”

“पौर्णिमाबाई... तुमाले मी लागतो काय?”

मी डब्यातल्या मातीवर अंगठा दाबला. अंगठ्याभोवती पाणी वर आलं.

“पाणी जास्त आहे,” मी म्हटलं.

“कमी करतो.” त्याचा हात डब्याकडे गेला, आणि मध्येच थांबला. त्यानं तो मागे घेतला, पाठीशी धरला. “...काय करू?”

हात पुढे गेल्यावरही पहिल्यांदाच त्यानं विचारून वाट बघितली होती. मी ती वाट थोडी लांबवली. मला ती फार आवडत होती.

“लागता,” मी म्हटलं. “रविवारी आमच्या घरी चहाला या. आई-बाबा असतील. खुर्चीवर बसायचं. कोणी सांगितल्याशिवाय उठायचं नाही. आणि कप धुवायचे नाहीत, हरीओम.”

‘सर’ गेल्याचं त्याच्या लक्षात आलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“कप तिथंच ठेवाचा?”

“तिथंच.”

त्याची नजर धुवायच्या ताटल्यांकडे गेली. मी आजवर मागितलेली ही एकच गोष्ट, आणि तीच त्याला सगळ्यात अवघड जाणार हे दिसत होतं.

“बसून राहीन,” तो म्हणाला. “पन तुमी समोर बसा.”