हॉस्पिटल शाखा

रात्रीचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. वार मंगळवार. टॅक्सी हॉटेलसमोर थांबली आणि हे सगळं तिथून सुरू झालं, असं काका सांगतात. काका म्हणजे आमच्या इमारतीतले निवृत्त बस ड्रायव्हर. जेवणं झाली की जिन्यात बसतात आणि पोरं भोवती गोळा होतात. "ऐकीव नाही हं," ते आधीच बजावतात. "माझ्या सख्ख्या पुतणीचं आहे."

पुतणी, तिचा नवरा आणि दहा महिन्यांची गुंडी शहरात आले होते. गुंडीला ऐकू येतं की नाही, हीच शंका. शेजारी ताट आपटलं तरी पोर मान वळवायची नाही. सकाळी आठला कानांची तपासणी होती, आणि ती मूल झोपेत असतानाच होते. म्हणून रात्री तिला उशिरापर्यंत जागं ठेवायचं आणि सकाळी पेंगुळलेलं पोर उचलून दोन मिनिटांत हॉस्पिटल गाठायचं, असं ठरलेलं. लांबून येताना टॅक्सीतच झोप काढून ती टवटवीत झाली, तर तारीख हुकली. पुढची तीन महिन्यांनी.

त्या हॉटेलच्या शहरात तीन शाखा. पाटी तीच, पडदे तेच, चादरीसुद्धा एकाच ठाणातल्या. एक स्टेशनची, एक बाजारातली, एक हॉस्पिटलची. नवऱ्याने पंधरा दिवस मोबाइलमध्ये डोकं खुपसून हॉस्पिटल शाखा निवडली होती.

पुतणीने उतरून इकडेतिकडे पाहिलं. "हॉस्पिटल कुठाय?"

"असेल मागे."

"मागे भिंत आहे."

"अगं, पाटीवर लिहिलंय ना, हॉस्पिटल शाखा म्हणून."

"मग उद्या पाटीखाली झोपवू का हिला?"

तोवर टॅक्सी निघून गेली होती.

आत काउंटरवर एकच बाई. पन्नाशीची, निळा कोट, केस चापून बसवलेले. "तुमची खोली इथे नाही," ती म्हणाली. "हॉस्पिटल नव्या इमारतीत गेलं, शाखाही तिकडे गेली. टॅक्सीवाले जुन्याच जागी आणून सोडतात. सगळे चुकतात."

पुतणीचं डोकं फिरलं. "एक काम सांगितलं होतं तुम्हाला. एक."

"मी काय मुद्दाम केलं?" नवरा पुटपुटला आणि दुसरी टॅक्सी बघायला बाहेर गेला.

बाई काउंटरवरून जराशी वाकली. अगदी हळू म्हणाली, "काय गं सोनू?"

गुंडीने मान वळवली.

पुतणीच्या हातातली पिशवी गळून पडली. "परत... परत हाक मारा ना."

बाई नुसती कुजबुजली. गुंडी खुदकन हसली.

"ऐकतेय की छान," बाई म्हणाली.

पुतणीने गुंडीचा मुका घेतला. इतक्यात बाहेरून नवऱ्याने हाक मारली. निघताना 'जाते' कुठे म्हणतो आपण? तीही सवयीने म्हणाली, "येते हं."

बाईने वर पाहिलं. "नक्की?"

"हो हो, येतेच."

"या. मी जागीच असते."

नव्या शाखेसमोरच हॉस्पिटल होतं. काउंटरवरच्या माणसाने उशीर का झाला ते विचारलं. नवऱ्याने सगळा राग त्याच्यावर काढला. "जुन्या शाखेवर निदान एक बोर्ड तरी लावा. तिथल्या बाई बिचाऱ्या किती लोकांना सांगणार?"

माणसाने रजिस्टरमधून मान वर केली. मग म्हणाला, "साहेब, ती इमारत बंद आहे. हॉस्पिटल हललं तेव्हापासून."

नवऱ्याने किल्ली उचलली.

खोलीत पुतणी गुंडीला खेळवत बसली. खुळखुळा वाजवला. टाळ्या वाजवल्या. काही नाही. मान जागची हलेना. नवरा घोरायला लागला. तिचा चिडून चिडून जीव थकला होता.

मग गुंडीने मान वळवली. खोलीतल्या फोनकडे.

फोन गप्पच होता.

एक क्षण... आणि तो वाजला.

पुतणीने उचलला. "हॅलो?"

"..."

"कोण?"

"येते म्हणालात ना..."

तिने फोन ठेवला. गुंडी हसत होती.

सकाळी तपासणी झाली. दोन्ही कान निकामी. "अहो, पण काल वळली होती ती. दोनदा वळली," पुतणी सांगत राहिली. डॉक्टरांनी कागद पुन्हा पाहिला. "शक्य नाही. मोठ्ठा आवाजही पोचत नाही तिच्यापर्यंत."

आता गुंडी दोन वर्षांची आहे. कानाला मशीन लावलंय. आई म्हणते, हाकेला ओ देते, सगळं छान आहे. फक्त रात्री झोपवताना मशीन काढून डबीत ठेवतात...

इथे काका थांबतात. पोरं एकमेकांना चिकटतात.

"मग?"

"मग घर शांत. दिवा बंद. कुणाचा आवाज नाही..."

"मग काय होतं, काका?"

"गुंडी दाराकडे मान वळवते. आणि हसते."

जिन्यात कुणी हलत नाही. काका गुडघ्यावर हात टेकून उठतात. "म्हणून सांगतो. ओळख ना पाळख अशा दारातून निघताना सरळ 'जातो' म्हणा. वाईट दिसलं तर दिसू दे. आणि घरी जाऊन आयांनाही सांगा रे. पोर कडेवर असलं की बायका घाईत काहीही बोलून जातात."