सात बाटल्या, एक साखर

आम्रपाली चाकणच्या कारखान्यात, वायरिंगच्या लाइनवर, पोट धरून कोसळली आणि चाळीस मिनिटांत गेली. त्याआधी कंपनीच्या दवाखान्यातल्या मिनल सिस्टरनं तिला दोनदा गॅसची गोळी दिली होती.

"सिस्टरनं रिपोर्ट बदलला," तिचा नवरा समाधान म्हणाला. "केस करणार मी. पुरावा शोधा."

चिंचवडच्या खाजगी गुप्तहेर स्वरूपा तांबे यांनी दोन कागद शेजारी ठेवले. हॉस्पिटलचा कागद: अकरा आठवड्यांचा गर्भ, बीजनळी गर्भाशयात शिरते त्या कोपऱ्यात रुजलेला, फुटला. रक्तातली साखर ब्याण्णव. कंपनीचा कागद, पाच दिवस आधीचा: लघवीत साखर तीन प्लस, गर्भचाचणी निगेटिव्ह.

सहकारी विलासराव लाइनवरच्या बाकी सहाजणींचे रिपोर्ट चाळत होते. "सगळ्या निगेटिव्ह. साखर मात्र सगळ्यांना! लाइन गोड आहे, मॅडम."

दुपारी दोघं समाधानला घेऊन कंपनीच्या दवाखान्यात पोचले.

कंत्राटदार ज्योतीराम म्हणाला, "दर तीन महिन्यांनी तपासणी. बाई पोटुशी निघाली की गेटचं कार्ड बंद, काम संपलं. नियम नाही हो, पद्धत आहे."

"बाटल्या बायका भरून आणतात," मिनल म्हणाली. "मी फक्त पट्टी बुडवते. साखर इथं कुणी बघत नाही. फाइलवर निगेटिव्ह होतं, म्हणून सोनोग्राफी सुचली नाही."

लाइनवरच्या सर्वांत जुन्या कस्तुराताईंना चहा दिला. "बिनसाखरेचा द्या, ताई. डाक्टरनं बंद केलीय."

स्वरूपा उठल्या. "मिनलनं काहीच बदललं नाही. सातजणींची साखर एकसारखी, आणि आम्रपालीच्या रक्तात ती वाढलेलीच नाही. म्हणजे सातही बाटल्या एकाच बाईच्या. तिला मधुमेह आहे, आणि मूल होण्याचं वय उलटलंय."

विलासराव कस्तुराताईंच्या कपाकडे बघत राहिले. त्यांना उजाडायला वेळ लागे.

"व्हय, माझीच," कस्तुराताई म्हणाल्या. "कार्ड गेलं आसतं तर पोरीनं खायचं काय? गर्भ कोपऱ्यात बसलाय, हे मला कसं कळावं?"

समाधान म्हणाला, "मला म्हणाली होती, टेस्टमधून सुटले, आता तीन महिने काळजी नाही. मी पेढे आणले." मग म्हणाला, "मॅडम, केस कुणावर करू?"

सगळ्यांनी ज्योतीरामकडे पाहिलं. ज्योतीरामनं भिंतीवरच्या सुरक्षा सप्ताहाच्या पोस्टरकडे पाहिलं.

"ताई, लाइनवर अजून किती पोटुशी आहेत?" स्वरूपांनी विचारलं.

कस्तुराताईंनी दोन बोटं वर केली.

"मिनल, दोघींची सोनोग्राफी. आत्ता. आणि कार्डाला हात लावलात ज्योतीरामभाऊ, तर हे सात रिपोर्ट पोलिसांत."

"शिफ्ट तरी सुटू द्या, मॅडम," ज्योतीराम म्हणाला. " दोन तासांचा तर प्रश्न."

"आम्रपालीला चाळीस मिनिटं पुरली."