काट्याचे तीन झटके

सरका जवळ. आणि तो मोबाईल पालथा ठेव गं, उजेडात मला तुमची तोंडं दिसत नाहीत. हे माझ्या मित्राच्या बाबतीत घडलंय. आपले मिस्त्री, कारखान्यात तीस वर्षं पंप सांभाळणारे. मार्चमधला शेवटचा शनिवार, रात्रीचे सव्वाअकरा. सोमवारी नवा पंप बसणार होता, म्हणून जुन्यावरचा पाण्याचा दाब दाखवणारा प्रेशर गेज तेवढा काढून आणायला ते गेले. दहा मिनिटांचं काम.

तो पंप पिस्टनचा. पाणी एकसारखं देत नाही, ढकलून ढकलून देतो. त्याने पाईप थरथरायचे, जोड सैल व्हायचे. वर तिसऱ्या मजल्यावर, गरम पाण्याच्या हौदापाशी, तेव्हा मिस्त्रींचा सख्खा धाकटा भाऊ कामाला असायचा. त्याला सगळे बारक्या म्हणायचे, होता मात्र दाराएवढा. पंपाच्या धडधडीत त्याची हाक खाली पोचायची नाही. म्हणून दोघा भावांची खूण ठरलेली. बारक्याने वरचा व्हॉल्व तीनदा झटकन बंद-चालू करायचा. पाण्यातून धक्का खाली येतो, गेजचा काटा उडतो. तीन झटके म्हणजे पंप बंद कर.

पुढे भावाच्या काळजीपोटी मिस्त्रींनीच लाइनवर एक पोलादी बाटली बसवली. आत दोन कप्पे, मधे बारीक नळी. हलणारा एकही भाग नाही, तरी पाण्याचे धक्के गिळून टाकते. पाईप गप्प झाले. "बारक्या, आता वर खुशाल झोपा काढ," म्हणाले. धक्के गिळणारी बाटली खुणेचा धक्काही गिळेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नाही, आणि मी तिथंच उभा होतो.

चौथ्या दिवशी, आधीच सैल झालेला जोड निसटला. बारक्या आत, दार पलीकडे, मधे उकळतं पाणी. त्याने व्हॉल्व झटकला... किती वेळा, कोण जाणे. सापडला तेव्हा हात व्हॉल्वच्या चाकावरच होता. खाली काटा उडालाच नाही. नुसता थोडा उतरला. दाब कमी पडतोय समजून मिस्त्रींनी पंपाचा जोर वाढवला.

"काका... स्वतःच्या हाताने?"

हो. स्वतःच्या हाताने.

तर तो शनिवार. पंपाची वायर तोडलेली. पाईप कोरडे. मिस्त्रींनी गेजला पाना लावला.

काटा उडाला.

एकदा... दोनदा... तीनदा.

ते धावत मेन स्विचपाशी गेले. बंदच होता. तरी चालू करून पुन्हा बंद केला. परत आले.

तीनदा.

"बारक्या, बंद आहे रे. केलाय मी बंद..."

तीनदा.

बंद पंप आणखी कसा बंद करायचा? सांगा मला. पहाटे चारपर्यंत तो माणूस स्विचपाशी जात होता, परत येत होता. शेवटी गेज उपटून माझ्या दारात आला. "तू ठेव. मला बघवत नाही."

फडक्यात गुंडाळून त्या कपाटात ठेवलाय. कशालाच जोडलेला नाही, खालचं तोंड उघडं. आज तुम्ही यायच्या आधी मी कपाट उघडलं. काटा शून्यावर होता.

फडकं ओलं होतं.

पिळायला गेलो... तर हात भाजला.