लाल डब्यातली पाच वाक्यं

"इथे कुणी आहे?" त्यानं चक्क मराठीत विचारलं. मी चमच्यानंच खुर्ची दाखवली, कारण बोलायचाही कंटाळा आला होता. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्राच्या अतिथिगृहात रविवारी जेवायला गेलं की टेबल कुणाच्या मालकीचं नसतं. जागा दिसेल तिथे बसायचं आणि "तुम्ही कुठले?" हे विचारून घ्यायचं. तो साताऱ्याचा निघाला. नाव चिन्मय, फरीदाबादच्या कारखान्यात गिअर तपासायची नोकरी. मी नाशिकची, नाव पूर्वी, मुनिरक्यात खोली घेऊन पीएचडी करणारी... म्हणजे न करणारी.

हे मी त्याला सांगून टाकलं. दोन महिन्यांत एक ओळ लिहिली नव्हती. सकाळी जाग यायची, पण उठायचं कशासाठी, तेच सुचत नसे. डिसेंबरअखेर पहिलं प्रकरण दिलं नाही तर गाशा गुंडाळायचा, असं गाइड मॅडमनी बजावलं होतं. आईला यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि ज्याचं आडनावही माहीत नाही त्याला मी साबुदाणा वडा खाता खाता सगळं सांगत होते. माझं मलाच कळेना.

त्यानं ना धीर दिला, ना उपदेश केला.

"शिफ्ट सुरू होते तेव्हा मशीन गार असतं," तो म्हणाला. "पहिले पाच पीस बिघडणारच. ते भंगाराच्या लाल डब्यात टाकायचे आणि पुढचा लावायचा. त्यात काय रडतेस, यार... सॉरी, रडताय."

"माझ्याकडे लाल डबा नाही."

"मी आहे ना. रोज पाच वाक्यं बिघडवा. रविवारी मला आणून द्या."

मी दिली. इतकी भिकार वाक्यं कुणी इतक्या गांभीर्यानं वाचली नसतील! वाचून झाली की तो कागदाची घडी घालून बॅगेत ठेवायचा. काही दिवस मी अंथरुणातच असायचे आणि दोनच वाक्यं व्हायची. तो म्हणायचा, बिल्कुल चालतील. मग एका मंगळवारी सहावं वाक्य आलं, आणि ते बरं होतं. त्याच सुमारास कधीतरी आम्ही एकमेकांना 'तू' म्हणायला लागलो.

गोंधळ तिथून सुरू झाला. मी प्रकरणासाठी लिहीत होते की त्या बॅगेसाठी? शनिवारी कुर्त्याला इस्त्री का करत होते? आणि तो... तो फरीदाबादहून नुसतं भंगार न्यायला येत होता?

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रकरण देऊन टाकलं. मॅडम "ठीक आहे" म्हणाल्या, म्हणजे त्यांच्या मानानं कौतुकच. मला आनंद झाला, पण शनिवारी कुर्त्याला इस्त्री करताना मनात आलं... आता भंगार नाही, मग तो कशाला येईल? शेवटी बसून पाच वाक्यं मुद्दाम बिघडवली. चांगला तास लागला.

रविवारी जेवून आम्ही बाहेर कोवळ्या उन्हात उभे राहिलो. त्यानं कागद दोनदा वाचला.

"पूर्वी, हे बिघडलेलं नाही... बिघडवलेलं आहे. रोज हेच तर बघतो मी."

"प्रकरण संपलं," मी चपलांकडे बघत म्हणाले. "वाटलं, आता तू येणार नाहीस."

बॅगेतून त्यानं एक फाइल काढली. माझे सगळे कागद, वर तारखा घालून नीट लावलेले.

"लाल डबा दर शनिवारी रिकामा करायचा असतो," तो हळूच म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "मी एकदाही केला नाही. का, ते मलाही नीट..."

"आणि उद्या पुन्हा उठावंसं वाटलं नाही तर?"

"तर दोन वाक्यं. मी येईनच."

मी त्याच्या खिशातलं पेन घेतलं आणि त्या पाच वाक्यांखाली सहावं लिहिलं – मला तू आवडतोस, बाकी काही कळत नाही.

त्यानं ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"हा पीस पास," तो म्हणाला, आणि तो कागद मात्र त्यानं फाइलमध्ये न ठेवता शर्टाच्या खिशात ठेवला.